आधी पुस्तक दाखवा

माझ्या पीएचडीच्या प्रबंधाला शेवटी तीनशे बारा संदर्भ जोडलेले आहेत. त्यांतले तीनशे अकरा खरे होते. उरलेल्या एकाबद्दल मला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी आप्पांबद्दल सांगावं लागेल, आणि आप्पांबद्दल बोलायला लागलो की मुद्द्यावर येणं लांबतं. हे लांबणं मला सोयीचं आहे, हेही इथंच कबूल करतो.

शिरूरच्या एसटी स्टँडाजवळ एक झेरॉक्सचं दुकान होतं. पुढं सातबाऱ्याच्या प्रती काढणारे शेतकरी, रांजणगावच्या कंपन्यांत अर्ज टाकायला निघालेली पोरं आणि आमच्या कॉलेजचे विद्यार्थी यांची सतत रेटारेटी. मागच्या खोलीत कागदांच्या थप्प्यांमध्ये आप्पा बसायचे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. बाकीचे दिवस केडगावला, स्वतःच्या घरी. केडगावहून चौफुला, पारगावचा पूल, न्हावरा असं करत ते जुन्या स्कूटरवरून शिरूरला येत. हेल्मेटच्या आत लोकरीची कानटोपी, तीही बाराही महिने. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हेल्मेट कंपनीनं दिलंय, टोपी मंडळींनी विणलीय. दोघांनाबी नाराज करायचं न्हाई."

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'संदर्भसूची लावून मिळेल. आधी पुस्तक दाखवा.'

संदर्भसूची लावणं म्हणजे काय, हे ज्यानं प्रबंध लिहिला नाही त्याला सांगणं अवघड आहे. लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, स्वल्पविराम कुठं आणि पूर्णविराम कुठं, यात माणसाचे महिने जातात. एवढं करून मार्गदर्शक सांगतात की पद्धत बदलली आहे, सगळं पुन्हा करा. माझ्या एका सहकाऱ्याची प्रबंध लिहिताना तब्येत ठणठणीत होती, संदर्भसूची करताना त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

आप्पांचं काम मात्र एका ओळीत व्हायचं. त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा, अक्षरं हिरवी. माऊस ड्रॉवरमध्ये, स्वतःच्याच वायरीनं हातपाय बांधल्यासारखा गुंडाळलेला. त्यांच्याजवळ साध्या मजकुराची एक लांबलचक फाइल होती. तिच्यात प्रत्येक पुस्तकाची नोंद असायची आणि प्रत्येक नोंदीला एक छोटीशी खूण. आपण प्रबंधात जिथं त्या पुस्तकाचा आधार घेतला असेल तिथं ती खूण टाकायची. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची. तिला आप्पा 'हुकूम' म्हणायचे. एंटर दाबलं की क्षणभरात प्रबंधभरच्या खुणा जाऊन तिथं रीतसर नावं नि सालं यायची, आणि शेवटी सगळी यादी क्रमानं, विद्यापीठाला पाहिजे त्या पद्धतीनं उभी राहायची. पद्धत बदलली तरी हुकुमातला एक शब्द बदलायचा, बस. एखाद्या खुणेची नोंद फाइलीत नसेल तर मशीन इशारा द्यायचं आणि त्या जागी तीन प्रश्नचिन्हं छापायचं. असा इशारा आला की आप्पा खूश व्हायचे.

"बोललं बघा! लोक म्हंत्यात मशीन मुकं असतंय. ह्याच्याइतकं तोंडावर बोलणारं माणूस दावा मला."

एंटर मात्र ते स्वतः कधी दाबायचे नाहीत. हुकूम टाईप करून हात मागं घ्यायचे आणि ज्याचा प्रबंध त्याला सांगायचे, "दाबा. तुमचं हाय, तुम्ही दाबा." यादी नीट आली की एकच शब्द: "बसलं."

आप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आयुष्यभर त्यांनी आत येणारा माल मोजला. चलनावर पन्नास बेअरिंगं लिहिली असतील तर पन्नास डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. ट्रकवाले बाहेर हॉर्न वाजवत बसायचे, मॅनेजर खाली येऊन ओरडायचा, आप्पा मोजत राहायचे. स्टोअरचा हिशेब ठेवायला कंपनीनं जो पहिला कॉम्प्युटर आणला तो काळ्या पडद्याचा होता. पुढं कंपनीत रंगीत पडदे आले, चित्रं आली, पण आप्पांनी त्यांना कधी मानलं नाही. निवृत्तीनंतर लेकीच्या प्रबंधाची संदर्भसूची लागेना आणि ती रडायला लागली, तेव्हा हे गृहस्थ शोधत शोधत त्या फुकट मिळणाऱ्या, एका ओळीत काम करणाऱ्या साधनापर्यंत पोचले. "पडदा बघितला आन् माहेरचं माणूस भेटल्यागत झालं," असं ते सांगत.

या सवयीमागची दुसरी गोष्ट त्यांच्या लहानपणातली. केडगावच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत ते वाढले. वडील पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचे. रविवारच्या शाळेत मुलांना बायबलमधलं वचन म्हणायला उभं करत. तिथं नियम असा की आधी पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग ओवीचा आकडा, आणि मगच वचन. पत्ता चुकला तर वचन कितीही गोड म्हटलं तरी खाली बसवायचे. "म्हंजी बघा सर," आप्पा म्हणायचे, "तुमच्या युनिव्हर्सिटीच्या आधी आमच्या बाईंनी मला रेफरन्स शिकवला."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात छापलेली यादी आणि पेन ड्राइव्ह होता. मी शिरूरच्या कॉलेजात शिकवतो. विषय होता भीमा आणि घोड या नद्यांच्या काठच्या गावांतलं मुलींचं शिक्षण.

"सलाम, सर. पुस्तकं कुठायत?"

"यादी आणलीय, आप्पा."

"यादी म्हंजी चलन झालं. माल कुठाय?"

मला ती गंमत वाटली. मी म्हणालो, टायटल पेजच्या झेरॉक्स आणतो. आप्पांनी चष्मा काढला. "झेरॉक्स म्हंजी फोटो. तुम्ही लग्न फोटोशी केलं का बाईशी?"

पुढचे दोन महिने मी पोत्यांत भरून पुस्तकं नेत होतो. कॉलेजच्या ग्रंथपालांना वाटलं, मी रद्दीचा जोडधंदा सुरू केला. जी पुस्तकं बाहेर मिळत नव्हती ती पाहायला आप्पा स्वतः स्कूटरवर ग्रंथालयात जाऊन आले. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचे, वास घ्यायचे, पाठ बघायचे, आणि खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढून त्याची जाडी मोजायचे. ते माप घ्यायचं यंत्र त्यांना कंपनीनं निरोप समारंभात भेट दिलं होतं. जाडीचा संदर्भसूचीत काही उपयोग नसतो. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "उपयोग नसंल. पण ज्यानं जाडी मोजली त्यानं पुस्तक बघितलं, यवढं तर नक्की?"

त्यांच्या फाइलीत प्रत्येक नोंदीखाली 'पाहिलं' म्हणून एक जास्तीची ओळ असायची. ती छापली जात नसे. 'पाहिलं: दौंड, जाडी बावीस मिमी, पाठ उंदरांनी खाल्लेली.' 'पाहिलं: शिरूर, जाडी नऊ मिमी, आत पानविड्याचा डाग.' एकदा एखादं पुस्तक असं आत आलं की आलं. पुढच्या माणसाला ते दाखवावं लागत नसे. आप्पांच्या फाइलीत आहे म्हणजे पुस्तक जगात आहे, अशी दोन तालुक्यांत ख्याती झाली.

एकदा एका साखर कारखान्याच्या संचालकांचे जावई आले. चारशे संदर्भ, पुस्तक एकही नाही. आप्पांनी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. जावई म्हणाले, "साहेबांचा फोन येईल तुम्हाला." आला. आप्पा उभे राहून बोलले, "नमस्कार साहेब. व्हय साहेब. तुमचं सगळं खरं हाय साहेब. पुस्तक घेऊन या, लगेच बघतो." दोन दिवसांनी साहेब स्वतः गाडी घेऊन आले आणि त्यांनी एकच पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांच्या एकसष्टीला निघालेला त्यांचाच गौरवग्रंथ. आप्पांनी व्हर्निअर काढला, मोजलं आणि मनापासून म्हणाले, "एक्केचाळीस मिलिमीटर! साहेब, आजवरचा सगळ्यात जाड माल तुमचा." साहेब इतके खूश झाले की बाकीचे तीनशे नव्याण्णव संदर्भ विसरून परत गेले. जावयांचं पुढं काय झालं माहीत नाही. गौरवग्रंथ फाइलीत आहे.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या प्रबंधात एक परिच्छेद होता, सत्त्याऐंशीव्या पानावर. माझं आजोळ भीमेच्या काठी, दौंड तालुक्यात. तिथं माझ्या आईची चुलत बहीण राहायची, तारामावशी. तिनं मला सांगितलं होतं की तिच्या लहानपणी केडगावकडून एक बाई बैलगाडीनं यायच्या आणि गुऱ्हाळ बंद असलं की त्याच्या छपरात गावातल्या मुलींना शिकवायच्या. मावशी उसाचा रस कढवायच्या चुलवणाच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवायला शिकली होती. मी लिहिलं, 'पाटी-पेन्सिलीच्या अभावी मुली राखेत अक्षरे गिरवीत.' अख्ख्या प्रबंधात वाचावं असं तेवढं एकच वाक्य होतं.

मार्गदर्शक म्हणाले, "मावशी हा संदर्भ होत नाही. छापील काही असेल तर द्या, नाहीतर परिच्छेद काढा."

प्रबंध जमा करायला चार दिवस होते. परिच्छेद काढायचं माझ्या जिवावर आलं. एका गुरुवारी आप्पा दुकानापुढच्या गाड्यावर चहा घ्यायला गेले, फाइल उघडी होती, आणि मी त्यांच्या खुर्चीत बसलो. एक पुस्तिका रचली. नाव दिलं 'गावची हकिकत'. एका निवृत्त गुरुजींचं नाव बनवून लेखक केलं. छापखाना शिरूरचा, पृष्ठं अठ्ठेचाळीस. आणि खाली, आप्पांच्याच भाषेत, 'पाहिलं: शिरूर, जाडी चार मिमी, कव्हर पिवळं, कोपरा दुमडलेला.'

पुस्तक खोटं होतं हे वाईटच. पण तो दुमडलेला कोपरा मला अजून टोचतो. तो लिहिताना मला मजा आली होती.

आप्पा आले, हुकूम टाईप केला, हात मागं घेतले. "दाबा."

मी दाबलं.

"बसलं," आप्पा म्हणाले. मला पीएचडी मिळाली.

पाच-सहा वर्षं गेली. मी स्वतः मार्गदर्शक झालो. भांडगावच्या एक शिक्षिका, सुनीता मॅडम, माझ्याकडं प्रबंध करत होत्या. त्यांचं एक प्रकरण तपासत होतो आणि समोर 'गावची हकिकत', पृष्ठ एकतीस. माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं.

"मॅडम, हे पुस्तक पाहिलंय तुम्ही?"

"आप्पांच्या फाइलीत आहे ना, सर. मग बघायचं काय?"

"पण पान एकतीस कुठून आणलंत?"

मॅडम पदराशी चाळा करू लागल्या. "तुमच्या प्रबंधात पान तीस होतं, सर. दोघांचं अगदी सारखं दिसू नये म्हणून मी एक वाढवलं."

त्यांना रागावायचा हक्क मला नव्हता. मी म्हणालो, "बघू नंतर." चौकशी केली तर आणखी दोघांनी ती पुस्तिका वापरली होती. दौंडला एका चर्चासत्रात तर अध्यक्षच बोलून गेले, "ती पिवळ्या कव्हरची ना? आमच्या वडिलांकडं होती." सभागृहानं माना डोलावल्या. मी पण डोलावली. त्या दिवशी मी दोन्ही वेळा जेवलो नाही, आणि बायकोला पित्ताचं कारण सांगितलं. तिनं मला तीन दिवस सोलकढी पाजली. तीही फसवणूकच.

तरीही मी गप्प बसलो असतो. मला माझी नीट ओळख आहे. पण एका शनिवारी आप्पांनी मला मोठ्या आनंदानं सांगितलं की दौंडच्या एका कॉलेजला त्यांची सगळी फाइल हवी आहे. ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवणार, कुणालाही वापरता येणार. आप्पांचे गुडघे आता स्कूटरला साथ देत नव्हते, लेक नागपूरला बोलावत होती, त्यामुळं फाइलीची सोय लागली म्हणून ते निर्धास्त होते.

"फक्त एक ओळ वर घालतोय, सर. बघा कशी वाटती." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. फाइलीच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'यातले प्रत्येक पुस्तक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.' खाली त्यांचं नाव.

फाइल पुढच्या सोमवारी जाणार होती. रविवारी मी केडगावला गेलो.

प्रार्थना संपवून ते नुकतेच घरी आले होते, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. काकूंनी पोहे आणले. मी पोहे संपवले. काकूंनी आणखी वाढले, तेही संपवले. आप्पांनी मला पेरूचं झाड दाखवलं. पेरूच्या झाडाबद्दल जितकं विचारता येईल तितकं मी विचारलं.

"सर," आप्पा शेवटी म्हणाले, "पेरूसाठी शिरूरवरनं कुणी येत न्हाई. काय झालंय?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, झाडाखाली. चहाचा गाडा, खुर्ची, गुरुजींचं नाव, दुमडलेला कोपरा, सगळं. मान खाली घालून आप्पा घरात गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतील. ते फाइलीची प्रत असलेला लॅपटॉप घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर बसून त्यांनी नोंद शोधली. ती वाचली.

"चार मिलिमीटर?" ते एकदम ओरडले. "अठ्ठेचाळीस पानं, म्हंजी चोवीस कागद, आन् चार मिलिमीटर? पत्र्यावर छापली व्हती काय? तीनच्या वर जाती व्हय ही!" मग कपाळावर हात मारला. "आन् मी बघितलं न्हाई. इतकी वरसं माझ्याच फाइलीत. आवो, मंडळी, ऐकलं का? मला स्टोअरातनं काढाया पायजे व्हतं!"

"पेन्शन सुरू झाल्यावर कशाला काढतील?" काकू आतून म्हणाल्या.

मी माफी मागितली. आप्पांनी तिकडं लक्षच दिलं नाही.

"राखेचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तारामावशीनं."

"हाय का?"

"दोन वर्षांपूर्वी गेली."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फाइल खाली खाली सरकवली आणि पडदा माझ्यापुढं धरला. त्या भागात पुस्तकं नव्हती, माणसं होती. एक वाजंत्री, एक सुईण, एक नावाडी, अशी अकरा नावं, पुढं 'तोंडी माहिती' आणि गावाचं नाव. प्रत्येकाखाली 'पाहिलं' होतं. नावाड्याखाली लिहिलं होतं, 'पारगाव, प्रकृती उत्तम, तंबाखू मागितली, दिली.'

"माणसाचाबी रेफरन्स असतोय, सर. हुकुमाला पुस्तकच पायजे असं कुठंय? तुम्ही नुसतं विचारलं असतं, तर मी गेलो असतो तिच्याकडं. बसलो असतो, च्या प्यालो असतो. तिचं नाव छापून आलं असतं तुमच्या पुस्तकात. तुम्ही काय केलं, खरं बोलणाऱ्या बाईला पुसलं आन् खोट्या गुरुजीला बसवलं."

इतकी वर्षं मी माझ्या खोटेपणाची टोचणी बाळगून होतो. मावशीचं काही गेलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आता घालता येईल तिचं नाव?"

"मी बघितली न्हाई तिला," आप्पा म्हणाले. "न बघितलेलं आत येत न्हाई." त्यांनी ती नोंद काढून टाकली. माझा प्रबंध त्यांच्याकडं होताच. त्याच्यावर हुकूम टाईप करून हात मागं घेतले. मी एंटर दाबलं आणि सत्त्याऐंशीव्या पानावर माझ्या लाडक्या वाक्यापुढं तीन प्रश्नचिन्हं उभी राहिली.

त्या आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, सुनीता मॅडमना आणि इतर दोघांनाही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सर, मला ते एकतीस झोपू देत नव्हतं." विद्यापीठातल्या कारकुनानं फोन करून विचारलं, तुमची तक्रार कुणी केली? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, त्यासाठी फॉर्म नाही. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं की खुलासा आणि दुरुस्त पान जोडावं. पदवी राहिली, त्या वर्षीची बढती गेली. मार्गदर्शक माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मी निघालो तेव्हा आप्पांनी फाटकापाशी विचारलं, "त्या छपरात मावशी एकटीच शिकत व्हती का?"

मी कधी विचारलंच नव्हतं.

आप्पांनी दौंडच्या कॉलेजला फोन करून आठ दिवस मागून घेतले. पुढच्या रविवारी आम्ही माझ्या मोटरसायकलवर आजोळी गेलो, मागं आप्पा, त्यांच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर हेल्मेट नि आत टोपी. गावात चार घरी विचारल्यावर एका वस्तीवर पाठवलं गेलं. तिथं हौसाबाई होत्या, मावशीच्या बरोबरीच्या. अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. दात नव्हते, शेंगा नातवंडांसाठी होत्या. ऐकायला कमी, आवाज मात्र माईक लावल्यासारखा.

मी जवळ बसून मोठ्यानं विचारलं, "आजी, गुऱ्हाळातल्या शाळेत तुम्ही होता का?"

"व्हते की! दोन सालं."

"आणि तारा? तुमच्याबरोबर बसायची ना?"

"तारी?" त्या हसल्या. "तारी कुठली बसतीय! तिच्या बानं तंगडं मोडलं असतं. ती शेरडं राखायच्या निमतानं यायची आन् दारात उभी ऱ्हायची. आत पाय न्हाई टाकला कधी."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा माझ्याकडं बघत नव्हते, त्यांनी लॅपटॉप उघडला होता.

"पण ती राखेत अक्षरं गिरवायची, असं म्हणाली होती मला."

"मग काय करंल? आमाला पाट्या व्हत्या. चुलवणाची राख भाईर वढून टाकल्याली असायची, दाराच्या अंगाला. ती भाईर व्हती, तिला राख."

म्हणजे मावशीनं अक्षर अन् अक्षर खरं सांगितलं होतं, आणि मी चूक लिहिलं होतं. पाट्यांची काही कमतरता नव्हती. त्या मुलीला आत जायची परवानगी नव्हती. एक प्रश्न विचारला असता तर तिनं तेही सांगितलं असतं. मी ऐकलेलं वाक्य घेऊन पळालो होतो.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," आप्पा म्हणाले. "छापायचंय."

आजींनी नाव सांगितलं. मग विचारलं, "तारीचं घातलं का?"

"तुमच्या नावाखाली येतंय. 'तारा दारात उभी राहून शिकली, असं हौसाबाई सांगतात.'"

"तिचं आधी घाला."

"तसं न्हाई चालत, आजी. जो बोलला त्याचं आधी."

"मग तिचंच आधी येतंय की."

"ती मला बोलली न्हाई ना. मी तिला बघितलीबी न्हाई."

"मला बोलली की!" आजींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बाई फळ्याकडं तोंड करून काय सांगायच्या ते देवाला ठावं. चुकलं की छडी. मला रडू फुटायचं. तवा तारी दारातनं बोटानं दावायची, असा वळीव, खाली शेपूट सोड. म्या लिव्हाया शिकले ती तारीकडनं. बाईकडनं नुस्ती छडी खाल्ली. लिव्हा तिचं नाव आधी, न्हाईतर माझंबी खोडा!"

ट्रकवाल्यांना आणि मॅनेजरला, साखर कारखान्याच्या साहेबांना जे जमलं नव्हतं ते तिथं झालेलं मी पाहिलं. आप्पांनी हेल्मेट काढलं, टोपी काढली, टकलावरून हात फिरवला.

"सर," ते हळू म्हणाले, "मी न्हाई बघितली ताराला."

"नाही, आप्पा."

"पर आजींनी बघितलीय."

त्यांनी मावशीचं नाव टाईप केलं. त्याच्यानंतर हौसाबाईंचं. मग आजींना ऐकू जावं म्हणून घसा मोकळा करून, प्रार्थनेत वाचतात तसं, अख्खी नोंद मोठ्यानं वाचून दाखवली.

आजींनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग घराकडं तोंड करून हाक मारली, "अगं ए, च्या टाक गं आता. माणसं मघाधरनं बसल्यात!"